वाघाला तुमचा शर्ट कसा दिसतो?

ताडोबा किंवा पेंचचं बुकिंग पक्कं झालं की घरात पुढचा विषय निघतो तो कपड्यांचा. कुणी मिलिटरी प्रिंटचा टी-शर्ट आणतं, कुणी खिसेच खिसे असलेलं जॅकेट, तर कुणी मुलांना बजावतं की लाल रंग अजिबात घालायचा नाही. केनिया-टांझानियाला निघालेल्या मंडळींची खरेदी तर कित्येक दिवस चालते. या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत असते, की जंगलातले कपडे हे प्राण्यांपासून लपण्यासाठी असतात. ही समजूत शिकारीच्या काळातून आपल्याकडे आली आणि ती बरीचशी चुकीची आहे. बंदूक घेऊन जाणाऱ्या शिकाऱ्यालासुद्धा कपड्यांनी फारसं लपवलेलं नाही. त्याला लपवलं ते वाऱ्याच्या दिशेनं, शांततेनं आणि निश्चल बसण्यानं. ऊन, थंडी, काटे, धूळ आणि किडे यांच्यापासून अंग राखणं हे सफारीच्या कपड्यांचं खरं काम. त्या कामासाठी ते निवडले तर निम्मी खरेदी टळते आणि उरलेली उपयोगी पडते.

सफारीच्या पेहरावाचं जे चित्र आपल्या डोक्यात आहे, ते साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घडलं. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली पदावरून उतरले आणि लगेच मुलगा कर्मिटला घेऊन पूर्व आफ्रिकेत शिकारीला गेले. स्मिथसोनियन संस्थेसाठी प्राण्यांचे नमुने गोळा करणं हा त्या मोहिमेचा जाहीर हेतू होता. रुंद काठाची कडक टोपी, खाकी कपडे, हातात बंदूक असे त्यांचे फोटो जगभर छापले गेले. पुढे काळ बदलला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचे दिवस संपवले, केनियानं १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. टांझानिया, झांबिया, झिंबाब्वे, नामिबिया, दक्षिण आफ्रिका या देशांत मात्र परवाना काढून शिकार आजही चालते. बाकी बहुतेक ठिकाणी बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. पेहराव तोच राहिला आणि त्याबरोबरचे गैरसमजही.

‘लाल रंग वाघाला लगेच दिसतो’

हा सर्वांत पक्का गैरसमज. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. मांजरकुळातले प्राणी, हरणं, गवे, हत्ती अशा बहुतेक सस्तन प्राण्यांत त्या दोनच प्रकारच्या असतात. एक प्रकार निळ्या-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देतो, दुसरा हिरव्या-पिवळ्याला. त्यामुळे लाल, केशरी आणि हिरवा यांतला फरक त्यांना नीटसा कळत नाही. आपल्याला भडक वाटणारा लाल शर्ट त्यांच्या नजरेत मळकट, काळपट होतो आणि झाडोऱ्यात मिसळून जातो.

याचा सर्वांत सुंदर पुरावा खुद्द वाघाच्या अंगावर आहे. हिरव्या रानात दबा धरणारा प्राणी केशरी कसा, हा प्रश्न लहान मुलांनाही पडतो. सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवं रंगद्रव्य तयारच होत नाही; काळा-तपकिरी आणि पिवळा-तांबडा एवढीच त्यांची पेटी. पण चितळ-सांबराच्या डोळ्याला केशरी आणि हिरवा जवळपास सारखेच दिसत असतील, तर वाघाचं काम भागतं. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दोन रंगपेशींच्या नजरेची प्रतिकृती संगणकावर तयार करून हेच दाखवून दिलं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीला जाताना झगझगीत केशरी जाकीट घालणं कायद्यानंच सक्तीचं असतं, तेही याच आधारावर. दुसऱ्या शिकाऱ्याला तो रंग लांबून दिसतो आणि गोळी चुकून माणसाला लागत नाही. हरणाला मात्र त्यात वेगळं काही जाणवत नाही.

मग रंगाची काळजी करायचीच नाही का? करायची, पण लालची नव्हे, निळ्याची. हरणांच्या डोळ्यातली एक रंगपेशी नेमकी निळ्या प्रकाशासाठीच असते, म्हणून निळा त्यांना उठून दिसतो. तरीही आपण सफारीला निघताना लाल टी-शर्ट बाजूला ठेवतो आणि बिनधास्त जीन्स चढवतो. दुसरी गोष्ट कपडे धुण्याच्या पावडरीची. पांढरे कपडे जास्त शुभ्र दिसावेत म्हणून अनेक पावडरींत चमक आणणारी द्रव्यं मिसळतात. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून ती निळसर प्रकाश बाहेर टाकतात. पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे प्राणी सर्वांत जास्त हिंडतात त्या वेळी, असा कपडा त्यांच्या नजरेत भरतो. पायी चालत शिकार करणारे किंवा मचाणावर बसणारे लोक म्हणूनच चमक न आणणाऱ्या साध्या साबणानं कपडे धुतात. पक्ष्यांची नजर आणखी वेगळी. त्यांच्याकडे चार प्रकारच्या रंगपेशी असतात, लाल त्यांना उत्तम दिसतो. पक्षीनिरीक्षणाला जाणाऱ्यानं रंगाबाबत व्याघ्रप्रेमीपेक्षा अधिक जपावं.

लालबद्दल एक अपवाद मात्र सांगायलाच हवा, कारण तो हत्तींच्या बुद्धीविषयी फार मोठं काही सांगतो. केनियातल्या अंबोसेली परिसरात मसाई तरुण पूर्वापार हत्तींवर भाले चालवत आले. शेती करणाऱ्या कांबा लोकांकडून हत्तींना तेवढा धोका नसतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हत्तींसमोर दोन्ही समाजांतल्या माणसांनी घातलेले कपडे ठेवले गेले. मसाई कपड्यांच्या वासानं हत्ती अधिक घाबरून, अधिक लांबवर पळाले. मग कुणीही न वापरलेली स्वच्छ कापडं ठेवली, एक पांढरं आणि एक मसाई पांघरतात तसं लाल. वासाचा प्रश्नच नव्हता, तरी हत्तींनी लाल कापडावर जास्त राग काढला. लाल रंगात मुळात काही खोट आहे असा याचा अर्थ नाही. लाल आणि हिरवा यांत गल्लत करणारा हत्ती लाल आणि पांढरा यांत करत नाही, आणि त्या कापडामागचा माणूस त्याच्या स्मरणात असतो. आपल्याकडे ‘लाल कपडा पाहिला की गवा अंगावर येतो’ असं सर्रास सांगितलं जातं. त्याला असा कोणताही आधार नाही. गवा चवताळतो तो जवळ गेल्यानं, पळवाट अडवल्यानं, आरडाओरडा केल्यानं.

फिकट खाकी, मातकट, शेवाळी हे रंग चांगले, यात शंका नाही. त्यांच्यावर धूळ दिसत नाही, ते फार तापत नाहीत आणि पांढऱ्यासारखे लांबून झळकत नाहीत. पण झाडासारखा शर्ट घालून हात हलवत बोलणारा माणूस प्राण्याला आधी दिसतो आणि केशरी शर्ट घालून स्तब्ध बसलेला नंतर. हालचाल टिपण्यात या प्राण्यांचे डोळे आपल्याहून कितीतरी तरबेज आहेत.

‘मिलिटरी प्रिंट म्हणजे जंगलाचा गणवेश’

आफ्रिकेला जाणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. झिंबाब्वे, झांबिया, युगांडा, घाना, नायजेरिया या देशांत सामान्य नागरिकानं लष्करी ठशाचे कपडे घालायला मनाई आहे. लष्करी उठाव, बंडखोरी आणि सैनिकाच्या वेशात होणारे गुन्हे यांचा इतिहास त्यामागे आहे. म्हणून तिथले अधिकारी या गोष्टीकडे पर्यटकाची हौस म्हणून बघत नाहीत. कपडे जप्त होणं, चौकशीत अडकणं, दंड, काही ठिकाणी अटकसुद्धा होऊ शकते. टोपी, पिशवी, लहान मुलाची चड्डी, सगळं त्यात आलं. भारतातही सैनिक असल्याचा भास व्हावा या हेतूनं तसा पोशाख घालणं हा गुन्हा आहे. भारतीय लष्करानं १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनी जो नवा लढाऊ गणवेश समोर आणला, त्याच्या ठशाचे हक्कही लष्करानं नोंदवून घेतले आहेत. उघड्या जिप्सीत बसून कुणापासून लपायचं नसताना हा ठसा अंगावर हवाच कशाला? जिप्सी प्राण्याला स्वच्छ दिसत असते. त्या गाडीची त्याला सवय झालेली असते म्हणून तो पळत नाही, एवढंच.

‘आफ्रिका म्हणजे उकाडा’

महाराष्ट्रातून मसाई माराला जाणारे बहुतेक लोक जुलै-ऑगस्टमध्ये जातात, कारण तेव्हा विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे आणि गोरोंगोरो विवराची कड सुमारे २,३०० मीटरवर. आपलं महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जून ते ऑगस्ट हा हिवाळा असतो, आणि शिकारीचा मोसमही मुख्यतः याच कोरड्या महिन्यांत येतो. झिंबाब्वेतल्या ह्वांगेमध्ये या दिवसांत पहाटे गवतावर दंव गोठलेलं सापडतं. तिथे नुसते अर्ध्या बाह्यांचे शर्ट घेऊन पोहोचलेला माणूस पहिल्या सकाळी प्राण्यांकडे बघूच शकत नाही.

ताडोब्याचंही तेच. चंद्रपूर म्हटलं की मे महिन्यातलं पंचेचाळीसच्या वरचं ऊन आठवतं, आणि ते खरंच आहे. पण डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास असताना गेटपर्यंत उघडी गाडी ताशी ३० किलोमीटरनं जात असेल, तर अंगाला जाणवणारी थंडी साडेसहा अंशांच्या आसपास जाते. कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं पातळ जाकीट तेव्हा हवंच. नऊ-साडेनऊ वाजता हेच सगळं काढून ठेवावं लागतं. म्हणून एकच जाड स्वेटर नेण्यापेक्षा एकावर एक चढवता आणि उतरवता येतील असे पातळ कपडे बरे. आत बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर आणि सर्वांत वर वारा अडवणारं.

यातच सुती कपड्यांची गोष्ट येते. ‘जंगलात फक्त सुतीच’ हा सल्ला विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यापुरता अगदी बरोबर आहे. घाम शोषला जातो, तो वाळताना अंग गार होतं. थंडीत हाच गुण उलटतो. चालून घामानं भिजलेला सुती बनियन वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर ओलसर झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. पायी चालायचं असेल आणि हवा थंड असेल, तर अंगाला लागून असलेला पहिला थर सुती नको.

‘ऊन आहे, मग जितके कमी कपडे तितकं बरं’

उन्हाबद्दलचे गैरसमज सर्वांत जुने आणि त्यांचा इतिहास सर्वांत चमत्कारिक. उष्ण देशांतल्या सूर्यकिरणांतलं काहीतरी गोऱ्या माणसाच्या मेंदूला आणि मज्जारज्जूला इजा करतं, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातले डॉक्टरही मानत. त्यासाठी शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्यापासून बनवलेली जाड टोपी, म्हणजे सोला हॅट, डोक्यावर आली. पाठीच्या कण्यावर जाड कापडी गादी बांधायची पद्धतही निघाली. अमेरिकी लष्करानं फिलिपिन्समध्ये शेकडो सैनिकांना तांबड्या-केशरी रंगाचे आतले कपडे घालायला दिले, कारण तो रंग घातक किरण अडवेल असा तर्क होता. फायदा काहीच झाला नाही, उलट सैनिकांना जास्त उकडलं. १९१० मध्ये तो निष्कर्ष छापून आला. दुसऱ्या महायुद्धात हजारो ब्रिटिश सैनिक ब्रह्मदेशात आणि उत्तर आफ्रिकेत सोला हॅटशिवाय लढले, आणि ती टोपी हळूहळू वापरातून गेली.

उन्हाचा खरा त्रास दोन प्रकारचा. अतिनील किरणांनी कातडी जळते आणि उष्णतेनं अंगातलं पाणी जातं. इथे आपण सहज फसतो. साधा पातळ पांढरा सुती टी-शर्ट अतिनील किरण फारसे अडवत नाही. त्याचा संरक्षण-अंक ५ ते ७ च्या आसपास असतो, म्हणजे साधारण पाचवा ते सातवा हिस्सा किरण आरपार जातात. घामानं भिजला की तो अंक ३ पर्यंत उतरतो. विणीचा घट्टपणा, कापडाची जाडी आणि रंगाची गडद छटा यांनी संरक्षण वाढतं. मग गडद रंगानं उकडणार नाही का? सैल असेल तर वाटतं तेवढं नाही. वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला होता. काळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही सैल झग्यांत शरीराला मिळणारी उष्णता सारखीच निघाली. काळ्या कापडानं शोषलेली जादा उष्णता कातडीपर्यंत पोहोचण्याआधीच आतल्या हवेबरोबर निघून जाते.

तेव्हा मे महिन्यात ताडोब्याला जाताना बिनबाह्यांचं काही नको. सैल, घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा आणि डोक्याला, मानेला, तोंडाला दुपट्टा. नागपूर-चंद्रपूरकडची माणसं उन्हाळ्यात दुपट्टा गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि महागड्या सफारी टोपीपेक्षा तो दुपट्टा सरस आहे असं माझं ठाम मत आहे. तो ऊन अडवतो, धूळ अडवतो, ओला करून मानेवर ठेवता येतो आणि वाऱ्यानं उडून जात नाही. टोपी घालायचीच असेल तर हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली घ्या. अभयारण्यात टोपी उडाली, तर ती उचलायला गाडीतून उतरता येत नाही.

‘किड्यांसाठी मलम आहे की’

आफ्रिकेत निळा-काळा टाळण्याचं सर्वांत मोठं कारण सिंह नव्हे, तर त्सेत्से माशी. टांझानियातल्या तरंगिरे आणि न्येरेरे किंवा झांबियातल्या लुआंग्वा खोऱ्यात फिरताना झाडांना लटकवलेले निळे-काळे कापडाचे तुकडे दिसतात. ते या माशीसाठी लावलेले सापळे. निळा रंग तिला दुरून ओढतो आणि काळ्यावर ती बसते, हे संशोधकांनी झिंबाब्वेत वर्षानुवर्षं प्रयोग करून शोधलं. मग कापडाला कीटकनाशक लावून तिचाच हा मोह तिच्यावर उलटवला. गडद निळी जीन्स घालून तिथे जाणं म्हणजे तो सापळा स्वतःच्या अंगावर मिरवणं, फक्त कीटकनाशकाशिवाय. ही माशी पातळ कापडातून सरळ डंख करते, अंगाला लावायच्या मलमांना फारशी जुमानत नाही आणि काही भागांत निद्रारोगाचे परजीवी पसरवते. फिकट खाकी रंगाचं, जरा जाडसर, सैल कापड हाच तिच्यावरचा खरा उपाय.

आफ्रिकेतल्या तंबूनिवासांत धुतलेले कपडे कडक इस्त्री करून परत येतात. अनेकांना तो पाहुण्यांचा थाट वाटतो. त्यामागचं कारण मँगो फ्लाय नावाची माशी. दोरीवर वाळणाऱ्या ओलसर कपड्यांवर ती अंडी घालते. कपडा अंगात घातल्यावर अळ्या बाहेर पडतात, कातडीत शिरतात आणि गळवासारखी गाठ येते. गरम इस्त्रीनं अंडी मरतात. म्हणून तिथे स्वतः धुतलेले मोजे-बनियन झाडावर वाळत घालू नयेत, आणि आतल्या कपड्यांनाही इस्त्री फिरवायला लाजू नये.

आपल्याकडच्या पायवाटांवर वेगळे शत्रू आहेत. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून आणि गोव्यात सत्तरीकडे माकडतापाचे रुग्ण सापडले. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसची साथ आली, ती गवतातल्या बारीक किड्यांच्या अळ्यांमुळे. अशा रानात पायी फिरताना पँट मोज्यात खोचावी, शर्ट पँटमध्ये खोचावा आणि रंग फिकट असावा, म्हणजे चढणारी गोचीड दिसते.

वास, आवाज आणि उघडे पाय

‘परफ्यूमनं वाघ पळतो’ असं ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात २०१८ मध्ये यवतमाळमधल्या पांढरकवडा भागात टी-१ अर्थात अवनी वाघिणीचा शोध चालू होता, तेव्हा वन विभागानं तिला आकर्षित करण्यासाठी ‘ऑब्सेशन फॉर मेन’ हे परफ्यूम वापरायचं ठरवलं होतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात त्या वासापाशी मोठी मांजरं सर्वांत जास्त वेळ रेंगाळल्याचं आधी दिसून आलं होतं. जंगलात उग्र सुगंध टाळावा तो आग्या मोहोळासाठी. उग्र वास आणि गडद कपडे, दोन्हींनी त्या माश्या बिथरू शकतात.

माणसाचा वास अडवणारे खास कपडे शिकाऱ्यांना महागात विकले जातात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे कपडे घातलेल्या माणसांना शोधायला कुत्रे सोडले, आणि कुत्र्यांनी जवळजवळ प्रत्येकाला हुडकून काढलं. वास लपवण्याऐवजी आफ्रिकेतले अनुभवी मार्गदर्शक खिशात राखेची पुरचुंडी बाळगतात. ती झटकली की वाऱ्याची दिशा कळते आणि त्याप्रमाणे पावलं वळवता येतात. त्यांच्यातले कित्येक जण चक्क अर्ध्या चड्डीत हिंडतात, कारण झुडपाला घासून पँटचा आवाज येतो आणि उघड्या पायाचा येत नाही. त्यांचे पाय काट्यांना सरावलेले असतात. आपण पूर्ण पँटच घालावी, मात्र सळसळणारं नायलॉन नको. दुकानात बाही कानाजवळ धरून चोळून पाहिलं की लगेच समजतं. बूटही प्रवासाआधी पुष्कळ चालून सैल केलेले हवेत.

आफ्रिकेतल्या छोट्या विमानांत बऱ्याचदा माणशी १५ किलो सामान आणि तेही मऊ पिशवीत एवढीच परवानगी मिळते, आणि त्यात कॅमेराही मोजला जातो. फिकट खाकी किंवा शेवाळी रंगाचे पूर्ण बाह्यांचे तीन शर्ट, दोन पँट, एक फ्लीस, वारा अडवणारं एक जाकीट, कानटोपी, दुपट्टा, चार-पाच जोड मोजे आणि वापरलेले बूट यांत आठवडाभराचं काम होतं. कपडे तिथे बहुतेक ठिकाणी रोज धुऊन मिळतात.